यात्रेला जोडून शर्यत आणि मॅरेथॉन भरवण्यापूर्वी गावाने काय तपासावे?

खानापूर तालुक्यातील एका गावच्या यात्रा कमिटीतील तरुण कार्यकर्त्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चैत्रातील गावयात्रेला जोडून यंदा बैलगाडी शर्यतीचे मोठे मैदान आणि अर्धमॅरेथॉन भरवण्याचा त्यांचा विचार आहे. त्यामुळे गावाचे नाव होईल, पोरांना वळण लागेल आणि चार पैसे गावात येतील, असे एका गटाचे म्हणणे आहे. यातून भांडणे आणि उधळपट्टी यांखेरीज काही निघणार नाही, असे ज्येष्ठांचे मत आहे. यातले खरे काय आणि ते आधी कसे ओळखावे, असे त्यांनी विचारले आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील यात्रा, उरूस, कुस्ती मैदाने आणि धावण्याच्या स्पर्धा यांचे नियोजन करणे आणि नंतर त्यांचा गावावर काय परिणाम झाला हे तपासणे हे माझे अनेक वर्षांचे काम असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच त्यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. कार्यक्रम गावाला जोडणारा ठरेल की तोडणारा, हे बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या कितीतरी आधी ठरून गेलेले असते. वर्गणी कशी काढली, मान कोणाला दिला, मार्ग कोणाच्या दारावरून नेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू कोणाच्या हातात आला, एवढे मला कळले तर मी गर्दीचा आकडा विचारत नाही. सगळे अहवाल मात्र गर्दीच्या आकड्यानेच सुरू होतात.

यात्रेने गावाला काय मिळते, हे तुमच्या भागाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि शेजारच्या माण-खटाव पट्ट्यातील कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभरच्या सराफ पेठांत विखुरलेली आहेत, तशी जावळी, पाटण आणि कोरेगावची माणसे माथाडी कामासाठी मुंबई-नवी मुंबईत गेलेली आहेत. या माणसांना गावाशी बांधून ठेवणारे खात्रीचे निमित्त वर्षातून एकदा येते, ते म्हणजे यात्रा. त्या दोन-तीन दिवसांत सोयरिकी जुळतात, भावकीतल्या वाटपाचे अडलेले विषय निघतात आणि देवळाच्या जीर्णोद्धाराबरोबर शाळेच्या खोल्यांचीही चर्चा होते. शाळेच्या छतासाठी पैसे मागायचे असतील तर ते छबिना (देवाच्या पालखीची मिरवणूक) निघण्याआधी मागावेत, नंतर सगळ्यांना परतीच्या गाडीची घाई असते, हे अनुभवी सरपंचांना चांगले माहीत असते.

याच ओळखीपाळखीतून काम करण्याची सवय लागते, आणि ती यात्रेपलीकडे उपयोगी पडते. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली शहर आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली, तेव्हा शासकीय यंत्रणा पोहोचण्याआधी अनेक ठिकाणी गल्लीतल्या गणेश मंडळांची आणि तालमींची पोरेच पाण्यात उतरली होती. कोणाच्या घरात अंथरुणावर खिळलेली आजी आहे, दोर कोणाकडे आहे, ट्रॅक्टर कोण देईल, हे त्यांना माहीत होते. ही माहिती कोणत्याही आराखड्यात लिहिलेली नसते; ती वर्षानुवर्षे मंडप घालताना आणि वर्गणीसाठी दारोदार फिरताना जमा होते. त्यामुळे उत्सवातून भांडणे आणि उधळपट्टी यांखेरीज काहीच निघत नाही, हे ज्येष्ठांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य नाही.

खेळांच्या बाबतीतही आपल्या भागाचा इतिहास हेच सांगतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी पैसे जमवले होते आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. जत्रेतल्या कुस्त्यांनी घडलेल्या समाजाला आपल्या पैलवानासाठी पदराला खार लावणे स्वाभाविक वाटत होते. तरीही येथे एक सावधगिरीचा मुद्दा आहे. एखादे मैदान किंवा एखादा विजय आपोआप नवे खेळाडू निर्माण करत नाही. मार्च 2023 मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगली जिल्ह्यात झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली, तेव्हा मुलींना कुस्तीत घालावे असे अनेक पालकांना पहिल्यांदा वाटले असेल. पण ती इच्छा टिकायची तर गावाच्या आवाक्यात मॅट हवी, मुलींना कपडे बदलायला बंद खोली हवी, सरावाची वेळ उजेडातली हवी आणि खुराकाचा खर्च कोणीतरी उचलायला हवा. स्पर्धेचा मंडप उतरल्यानंतर यांपैकी काय मागे राहिले, ते तपासावे. माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावातली ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत धावली; तिच्या नावाने घोषणा देणे सोपे आहे, पण तिच्यामागून येणाऱ्या मुलींना रोज पळायला सुरक्षित रस्ता देणे ग्रामपंचायतीच्या हातातले काम आहे.

आता खर्चाच्या बाजूकडे येतो, कारण कमिट्या येथेच डोळेझाक करतात. यात्रेचा मोठा खर्च कमिटीच्या वहीत नसतोच. तो घराघरांत होतो. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण, पाहुण्यांचा राबता आणि लेकीबाळींची कपडे-साडीचोळी, हे सगळे प्रतिष्ठेशी जोडलेले असल्यामुळे ज्यांची ऐपत नाही तेही मागे राहत नाहीत. बचत गटातून किंवा फायनान्स कंपनीकडून घेतलेले कर्ज कागदावर म्हशीसाठी असते आणि प्रत्यक्षात यात्रेत जाते, हे गटातल्या बायका दबक्या आवाजात सांगतात. शिवाय वीस-पंचवीस पाहुण्यांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला पालखी बहुधा फक्त दारातून दिसते. तुम्ही यात्रेला शर्यत आणि मॅरेथॉन जोडणार म्हणजे पाहुण्यांचा मुक्काम आणखी एक-दोन दिवस वाढणार, आणि त्याचा भार ज्यांच्यावर पडणार त्या बायका कमिटीत बसलेल्या नाहीत. काही गावांनी यावर चांगला तोडगा काढला आहे: एक वेळचा महाप्रसाद गावाने एकत्र करायचा, त्या वेळी घरोघरी चूल पेटवायची नाही आणि स्वयंपाकासाठी आचारी लावायचा. तुमच्याकडे एवढे जरी झाले तरी निम्म्या घरांची यात्रा सुसह्य होईल.

वर्गणीबाबत माझे मत ठाम आहे. घरटी समान पट्टी न्याय्य वाटते, परंतु दोन एकर द्राक्षबाग असलेला आणि मजुरीला जाणारा यांच्याकडून सारखीच रक्कम घेणे म्हणजे मजुराकडून जास्त घेणे आहे. त्याचबरोबर मजुराकडून काहीच न घेणे हाही उपाय नाही, कारण वर्गणी न देणाऱ्याला आपल्याकडे बोलायचा हक्क उरत नाही. त्यासाठी नाममात्र समान पट्टी ठेवावी, वरचा खर्च ऐच्छिक देणगीतून करावा आणि देणगीदाराला फलकावर नावापलीकडे काही देऊ नये. ज्या क्षणी मोठ्या देणगीच्या बदल्यात व्यासपीठ, बक्षीस वाटप किंवा पालखीचा मान जाऊ लागतो, त्या क्षणी यात्रा गावाची राहत नाही, आणि निवडणुकीचे वर्ष असेल तर ती दोन ठिकाणी भरण्याचीही तयारी ठेवावी लागते.

मानाचा प्रश्न पैशाहून नाजूक आहे. आपल्या परंपरांत काही ठिकाणी तो विलक्षण शहाणपणाने सोडवलेला आढळतो. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात चर्मकार समाजाचा गलेफ (कबरीवर चढवायची चादर) मानाचा समजला जातो. कडेगावच्या मोहरममध्ये निघणाऱ्या उंच ताबुतांत हिंदूंचेही ताबूत असतात. वाळवा तालुक्यातील गोटखिंडीत 1980 पासून गणपती मशिदीत बसतो, आणि बकरी ईद उत्सवाच्या काळात आली तेव्हा तिथल्या मुस्लिम कुटुंबांनी त्या दिवशी कुर्बानी टाळली. या तिन्ही ठिकाणी दुसऱ्या समाजाला प्रेक्षक म्हणून बोलावलेले नाही. त्याच्याशिवाय कार्यक्रम पुरा होणार नाही अशी जागा त्याला दिलेली आहे. याच्या उलट अनुभव त्याच मिरजेने सप्टेंबर 2009 मध्ये घेतला. गणेशोत्सवातील स्वागत कमानीवर लावलेल्या चित्रावरून तणाव निर्माण झाला, दंगल पेटली, विसर्जन थांबले आणि तिचे लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेले. शहर तेच आणि माणसेही तीच. त्यामुळे सलोख्याची परंपरा आहे म्हणून यंदाही सलोखा राहील असे गृहीत धरू नका. शांतता समितीची बैठक पोलिसांनी बोलावल्यावर होते, तोवर कमानी उभ्या राहिलेल्या असतात. फलकांवरचा मजकूर आणि चित्रे गावाने त्याआधीच एकत्र बसून पाहिली पाहिजेत. तुमच्या गावात प्रत्येक वस्तीला, विशेषतः गावकुसाबाहेरच्या वस्त्यांना, कमिटीत प्रत्यक्ष जबाबदारीचे काम आहे का, हे एकदा नावे लिहून तपासा. हलगी वाजवण्याचे आणि झाडण्याचे काम एकाच वस्तीकडे आणि फेटे बांधण्याचे काम दुसऱ्याच वस्तीकडे असेल, तर एकीची भाषणे कशीही झाली तरी यात्रा जुनी उतरंड दरवर्षी नव्याने पक्की करत असते.

बैलगाडी शर्यतीबद्दल विशेष विचारले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी घातलेली बंदी, 16 डिसेंबर 2021 रोजी मिळालेली सशर्त परवानगी आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याच्या कायद्याला दिलेली मान्यता, हा क्रम तुम्हाला पाठ असेल. बंदीच्या काळात गावांत काय बदलले, ते पाहण्यासारखे आहे. अनेक ठिकाणी शर्यतीची जागा ऑर्केस्ट्रा आणि डॉल्बीने घेतली, बैल सांभाळणाऱ्या घरांचा यात्रेतला वाटा संपला आणि खिलार खोंडाला गिऱ्हाईक मिळेनासे झाले. शर्यती सुरू झाल्यावर गोठ्यांत पुन्हा जान आली, खरसुंडीसारख्या जनावरांच्या बाजारात चांगल्या खोंडाभोवती कोंडाळी दिसू लागली. हा लाभ मी नाकारत नाही. मात्र बक्षिसे हजारांतून लाखांत आणि पुढे चारचाकी गाड्यांपर्यंत गेली, तसा खेळाचा कणा बदलला. पूर्वी आपल्या रानात राबणारा बैल शेतकरी हौसेने जुंपत असे. आता नंबरात येणारा बैल ही गुंतवणूक झाली आहे आणि छोट्या शेतकऱ्याला चाकोरीबाहेर उभे राहून पाहावे लागते. पैज लागते, झेंडा पंचाच्या निर्णयावर हातघाई होते, आणि चाबूक व टोचणीवरची बंदी शेवटच्या फेरीत कोणाच्या लक्षात राहत नाही. मोठे मैदान भरवण्यापेक्षा पंचक्रोशीपुरते मैदान भरवा, आदत, म्हणजे अजून पक्के दात न आलेल्या, खोंडांचा गट ठेवा, बक्षीस मर्यादित ठेवा आणि पशुवैद्यकीय तपासणीचे कागद सर्वांना दिसतील असे लावा. धावपट्टी नियमानुसार 1000 मीटरच्या आत असलीच पाहिजे. पण ती संपल्यावर बैल थांबायला लागणारी मोकळी जागा बहुतेक आयोजक विसरतात, आणि माणसे चेंगरतात ती तिथेच.

गर्दीच्या सुरक्षिततेवर मी लांबवर लिहिणार नाही, कारण वाई तालुक्यातील मांढरदेवीची 25 जानेवारी 2005 ची घटना आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. शाकंभरी पौर्णिमेच्या त्या यात्रेत तीनशेच्या आसपास भाविकांचा जीव गेला. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दाटलेली दुकाने आणि पुढे लागलेली आग, यांतली एकही गोष्ट अचानक उद्भवलेली नव्हती. जागाभाड्याच्या आशेने रस्त्यावर दुकाने मांडू देणे ही आजही ग्रामपंचायतींची सवय आहे. पाळणेवाले आणि खेळणीवाले यांच्याकडून मिळणारे भाडे हवे असेल तर त्यांना वाटेपासून दूर, एका बाजूच्या माळावर जागा द्या.

आवाजाबाबतही तसेच. 2014 च्या विसर्जन मिरवणुकीत सातारा शहरात भिंत कोसळून तिघांचा बळी गेला आणि त्यानंतर डॉल्बीविरोधी मोहिमेला जोर आला. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे. मिरवणुकीत ती पाळली जात नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. उपदेशाने हे थांबत नाही. ज्या गावांनी डॉल्बीचे पैसे झांजपथक, लेझीम किंवा तमाशाच्या फडाकडे वळवले, तिथे पोरांना करण्यासारखे काहीतरी मिळाले म्हणून तो प्रश्न सुटला. प्रसिद्ध तमासगीर काळू-बाळूंचे कवलापूर आपल्याच जिल्ह्यात आहे. करोनाच्या दोन वर्षांत यात्रा बंद पडल्या तेव्हा या फडांवर उपासमारीची वेळ आली होती, त्यामुळे फडाला सुपारी देणे, म्हणजे त्यांचा कार्यक्रम ठरवणे, हाही यात्रेचा एक सामाजिक परिणामच आहे.

उरला मॅरेथॉनचा विषय. सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून यवतेश्वर घाटाच्या वाटेने धावली जाते, 2015 मध्ये डोंगरी धावेतील सहभागाचा गिनेस विक्रमही तिने नोंदवला, आणि आज सातारा शहरात पहाटे धावणारे मध्यमवयीन स्त्री-पुरुष दिसतात त्याचे बरेच श्रेय अशा स्पर्धांना आहे. हे पाहून प्रत्येक तालुक्याला आपलीही मॅरेथॉन हवीशी वाटते. परंतु साताऱ्याकडे पावसाळी हवा, लॉज-हॉटेले, रुग्णालये आणि वर्षभर सराव करणारे धावपटू आहेत. चैत्रातल्या खानापूरच्या उन्हात 21 किलोमीटर धावणे वैद्यकीयदृष्ट्याच धोक्याचे आहे. दुसरे असे की धावणाऱ्यांची वेळ पहाटे पाच ते आठ, आणि नेमकी हीच वेळ डेअरीच्या दूध संकलनाची. ज्या वस्तीला गावात यायला एकच रस्ता आहे, तो रस्ता तीन तास बंद केला तर त्या वस्तीचे दूध नासते, आणि नासलेल्या दुधाची भरपाई कोणत्याही स्पर्धेच्या अंदाजपत्रकात मी आजवर पाहिलेली नाही. बाळंतीण, डायलिसिसचा रुग्ण, सकाळच्या पाळीचा कामगार यांनाही हेच लागू आहे. मार्ग ठरवताना नकाशा घेऊन बसण्याआधी त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांवर फिरून प्रत्येक घराची सकाळ कशी असते ते विचारा.

माझा सल्ला असा की मॅरेथॉन यात्रेपासून वेगळी काढावी, डिसेंबरमध्ये घ्यावी आणि पहिल्या वर्षी शाळकरी मुलांसाठी तीन व मोठ्यांसाठी दहा किलोमीटरच ठेवावी. प्रवेश शुल्कातून मुलींच्या सरावाच्या रस्त्यावर दिवे बसवता आले तर उत्तम. चैत्रात यात्रा आणि पंचक्रोशीचे शर्यतीचे मैदान एवढेच करावे. धुळीसाठी धावपट्टीवर पाणी मारावे लागेल; टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याचे आवर्तन सुरू नसेल आणि गावात पिण्याचे टँकर फिरत असतील तर त्या टँकरचे पाणी मैदानावर जाता कामा नये, कारण रिकाम्या घागरी घेऊन थांबलेल्या बाईला ते दिसते आणि पुढच्या वर्षी तिच्या घरून वर्गणी मागताना कार्यकर्त्याची मान खाली जाते. जमा-खर्चाचा फलक पंधरा दिवसांच्या आत चावडीवर लावावा आणि त्यात सफाई करणाऱ्यांना दिलेली मजुरी वेगळ्या ओळीत दाखवावी.